फेंक आणि दौड : अमेरिकन फुटबॉलमधील समतोल

‘फुटबॉल’ हा शब्द कानीं पडतांच मुंबई-पुण्याच्या श्रोत्याच्या डोळ्यांपुढें गोल चेंडू, दोन टोकांस दोन गोल आणि चेंडूला हात न लावण्याचा दंडक उभा राहतो. अमेरिकेंत हाच शब्द एका निराळ्याच खेळाला लावतात. तेथला चेंडू दोन्ही टोकांस निमुळता. तो पायापेक्षां हातांतच अधिक असतो. आणि खेळाडू अंगावर चिलखताप्रमाणें गाद्या व डोक्यावर शिरस्त्राण घालून मैदानांत उतरतात. हा खेळ म्हणजे जमीन जिंकण्याचें एक लहानसें युद्धच होय. शंभर यार्डांचें मैदान. एका बाजूस अकरा चढाई करणारे, दुसऱ्या बाजूस अकरा अडविणारे. चढाई करणाऱ्यांस चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकावें लागतें. सरकले तर पुन्हां चार प्रयत्न मिळतात. न सरकले तर चेंडू प्रतिपक्षाच्या स्वाधीन होतो. असें करीत चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला म्हणजे ‘टचडाऊन’ झाला. त्याचे सहा गुण. तें न साधलें तर लाथेनें चेंडू दोन खांबांमधून मारून तीन गुण पदरांत पाडून घेतां येतात.

पुढें सरकण्याचे मार्ग मुख्यतः दोनच. चढाईचा सूत्रधार जो ‘क्वार्टरबॅक’, तो चेंडू एखाद्या दणकट गड्याच्या हातीं देतो आणि तो गडी गर्दींतून वाट काढीत धांवतो, ही दौड. किंवा क्वार्टरबॅक स्वतः चार पावलें मागें हटतो आणि दूर पळत गेलेल्या सोबत्याकडे चेंडू हवेंतून भिरकावतो, ही फेंक. दौड हा रोखीचा व्यवहार आहे: मिळकत थोडी, परंतु बहुधा हातीं पडणारी. फेंक हा उधारीचा धंदा आहे: नफा मोठा आणि बुडण्याचें भयही मोठें. चेंडू जमिनीवर पडला तर प्रयत्न फुकट गेला. प्रतिपक्षाच्या गड्यानें तो मध्येंच झेलला तर सगळी चढाईच त्याच्या घरांत गेली.

अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीग या व्यावसायिक संघटनेंत आज ३२ संघ आहेत. २०२१ पासून प्रत्येक संघ नियमित हंगामांत १७ सामने खेळतो. त्यांतून निवडलेले १४ संघ जानेवारींत बाद फेरींत उतरतात आणि तेथपासून न्याय एकाच सामन्याचा. हरला तो घरीं गेला. उरलेल्या दोघांचा अंतिम सामना, म्हणजे ‘सुपर बोल’, फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यांत होतो. या व्यवस्थेंत एक चमत्कारिक गोष्ट वर्षानुवर्षें दिसून आली. सप्टेंबरपासून चेंडू हवेंतून फेंकफेंकून गुणफलक हलवून सोडणारे संघ बाद फेरींत, कित्येकदां अगदीं शेवटच्या पायरीवर, अशा संघांपुढें कोसळले कीं ज्यांना फेंकतांही येई आणि धांवतांही येई.

पुराव्यादाखल एकच गोष्ट पुरेशी आहे. सुपर बोल सुरू झाला तो १९६६ च्या हंगामापासून. तेव्हांपासून २०२१ च्या हंगामापर्यंत, म्हणजे छपन्न वर्षांत, ज्या क्वार्टरबॅकनें त्या हंगामांत फेंकीनें सर्वांहून अधिक यार्ड मिळविले, त्याच्या संघाला त्याच वर्षीं अजिंक्यपद एकदांही मिळालें नाहीं. १९८४ चा डॅन मरीनो, २००१ चा कर्ट वॉर्नर, २००२ चा रिच गॅनन, २००७ चा टॉम ब्रेडी, २०१३ चा पेटन मॅनिंग आणि पुन्हां २०१७ चा ब्रेडी हे पांचजण तर मिळून सहा वेळां प्रत्यक्ष अंतिम सामन्यापर्यंत पोंचले आणि सहाही वेळां हरले. यांतील कोणी सामान्य खेळाडू नव्हता. ब्रेडी व मॅनिंग यांनीं इतर वर्षीं हाच चषक उंचावला आहे. म्हणून हा दैवाचा कोप म्हणून सोडून देण्यासारखा प्रकार नाहीं.

फेंकीचा इतिहासही ध्यानांत घेण्याजोगा आहे. मूळ खेळांत पुढें फेंकण्यास मुळीं परवानगीच नव्हती. सगळा खेळ म्हणजे माणसांची एक भिंत दुसऱ्या भिंतीवर आदळणें. त्यांत तरुण विद्यार्थी जायबंदी होत, प्रसंगीं दगावतही. १९०५ च्या ऑक्टोबरमध्यें राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन या विद्यापीठांच्या लोकांस व्हाइट हाउसमध्यें बोलावून खेळ सुधारण्याबद्दल बजावलें. आणि १९०६ च्या नियमांनीं पुढें फेंकणें कायदेशीर झालें. म्हणजे फेंक जन्मास आली ती माणसें वांचविण्यासाठीं! आरंभीं फसलेल्या फेंकीला जबर शिक्षा होती; ती पुढें सैल होत गेली. व्यावसायिक खेळांत मोठा पालट घडला तो १९७८ सालीं. त्या वर्षापासून, झेलणाऱ्या गड्याला पांच यार्डांपलीकडे धक्काबुक्की करण्यास बंदी झाली आणि क्वार्टरबॅकचें रक्षण करणाऱ्यांस हात लांबवून प्रतिपक्षाला थोपविण्याची मुभा मिळाली. आकाश मोकळें झालें आणि जो तो आकाशांत उडूं लागला.

हिशेब पाहूं जातां त्यांत गैर कांहींच नव्हतें. आजच्या खेळांत एका फेंकीमागें सरासरीनें सुमारें ७ यार्ड मिळतात, एका दौडीमागें ४ हून थोडेसेच अधिक. मग शहाण्यानें दर वेळीं फेंकूंच कां नये, असा प्रश्न कोणाही व्यवहारी माणसाच्या मनांत यावा. येथेंच मेख आहे. तीं ७ यार्डांची सरासरी कांहीं निसर्गानें ठरवून दिलेली नाहीं. समोरच्या अकराजणांच्या मनांत ‘हे कदाचित् धांवतीलही’ असा संशय असतो, त्या संशयाच्या भांडवलावर ती मिळालेली असते. तो संशय नाहींसा झाला कीं भांडवल संपलें. क्रिकेटचा शौकीन हें चटकन ओळखील. ज्या गोलंदाजाचा प्रत्येक चेंडू गुगली असतो, त्याची गुगली ही गुगली राहतच नाहीं. एकाचा लाभ तोच दुसऱ्याचा तोटा अशा दोघांच्या खेळांत आपल्या चाली योग्य प्रमाणांत आणि अंदाज लागूं न देतां मिसळण्यांतच हित असतें, हें जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञानें १९२८ सालीं सिद्ध करून दाखविलें. फुटबॉलचे प्रशिक्षक तें गणित न वाचतांच शिकले. मात्र त्यासाठीं त्यांना बरेच पराभव खर्चीं घालावे लागले.

समतोल म्हणजे निम्मे धांवणें आणि निम्मे फेंकणें, असा मात्र कोणी अर्थ करूं नये. तो वाण्याचा तराजू झाला. समतोल म्हणजे प्रतिपक्षाला दोहोंपैकीं एकाही गोष्टीकडे पाठ फिरवितां येऊं नये, एवढी तयारी. ही तयारी नसली म्हणजे काय होतें, तें क्वार्टरबॅकच्या पुढें उभ्या असलेल्या पांच राक्षसदेही रक्षकांकडे पाहिल्यास समजतें. फेंकीच्या वेळीं या पांचजणांना मागें सरत सरत समोरच्याचे धक्के सोसावे लागतात. दौडीच्या वेळीं त्यांनाच पुढें मुसंडी मारून धक्के देतां येतात. दिवसभर मार खाणारा मनुष्य सायंकाळीं कसा दिसतो आणि अधूनमधून मार देणारा कसा दिसतो, हें सांगावयास पाहिजे असें नाहीं. शिवाय दौडीचें भय नसेल, तर समोरचे गडी डोळे मिटून सरळ क्वार्टरबॅकच्या अंगावर धांवून येतात. दौडीचें भय असेल, तर अर्धा क्षण थबकतात. या खेळांत अर्धा क्षण ही मोठीच मुदत असते.

मरीनोची कथा याच अर्ध्या क्षणाची आहे. मायामीच्या डॉल्फिन्स संघाचा हा तेवीस वर्षांचा तरुण १९८४ च्या हंगामांत ५,०८४ यार्ड आणि ४८ टचडाऊन फेंकून गेला. तोंवर ३६ हून अधिक टचडाऊन एका हंगामांत कोणीं फेंकले नव्हते. पांच हजार यार्डांचा पल्ला तर कोणीं गांठलाच नव्हता. २० जानेवारी १९८५ रोजीं कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्डच्या मैदानावर त्याची गांठ सॅन फ्रॅन्सिस्कोच्या ‘फॉर्टीनाइनर्स’ संघाशीं पडली. पहिल्या पंधरा मिनिटांनंतर मायामी १०-७ असा पुढें होता. मग बिल वॉल्श या प्रशिक्षकाच्या संघानें दौड अडविणारे गडी कमी करून फेंक अडविणारे वाढविले. हा सरळ सरळ जुगार होता. मायामीनें धांवावयास सुरुवात केली असती, तर तो अंगाशीं आला असता. मायामी धांवला नाहीं. साऱ्या सामन्यांत त्यांच्या दौडी झाल्या नऊ आणि यार्ड मिळाले २५. उलट फॉर्टीनाइनर्सनीं दौडीनें २११ यार्ड कापले आणि त्यांचा क्वार्टरबॅक जो मोंटाना यानें वर ३३१ यार्ड फेंकीनें मिळविले. मरीनोला पन्नास वेळां फेंकावें लागलें. दोन फेंकी शत्रूनें झेलल्या. चार वेळां तो हातांत चेंडू असतांच जमिनीवर आदळला. सामना ३८-१६ असा गेला. मरीनो त्यानंतर पंधरा हंगाम खेळला. अंतिम सामन्याचें दर्शन त्याला पुन्हां घडलें नाहीं.

दुसरें उदाहरण ह्यूस्टनच्या ऑइलर्स संघाचें. त्यांनीं फेंकीला अशी कांहीं वाहून घेतलें होतें कीं दर खेळीला चार झेलकरी पसरून ठेवावयाचे, मागें दौडपटू एकच, आणि ओळीला लागून उभा राहणारा धिप्पाड मदतनीस बहुधा नाहींच. या रचनेला ‘रन अँड शूट’ म्हणत. वॉरन मून हा त्यांचा क्वार्टरबॅक मोठा गुणी होता. १९९० ते १९९३ या चारही हंगामांत हा संघ बाद फेरींत गेला आणि एकदांही अंतिम सामन्याच्या आधल्या पायरीपर्यंतसुद्धां पोंचला नाहीं.

त्यांपैकीं ३ जानेवारी १९९३ चा बफेलो येथील सामना अमेरिकेंत अद्याप आठवला जातो. बफेलोचा मुख्य क्वार्टरबॅक जिम केली जखमी. त्याच्या जागीं फ्रँक राइख हा राखीव खेळाडू. मूननें मध्यंतरापर्यंत २२ पैकीं १९ फेंकी यशस्वी करून चार टचडाऊन मिळविले. मध्यंतरानंतर लगेच राइखची फेंक झेलून ह्यूस्टननें आणखी एक टचडाऊन केला आणि गुण झाले ३५-३. घड्याळांत जवळजवळ अर्धा तास शिल्लक होता. आतां करावयाचें एवढेंच होतें कीं घड्याळ पळवावयाचें. आणि घड्याळाचा नियम असा आहे कीं दौडणारा गडी मैदानांत पडला तर घड्याळ चालू राहतें; फेंक जमिनीवर पडली तर तें थांबतें. म्हणजे फसलेली दौड निदान वेळ तरी खाते. फसलेली फेंक यार्डही देत नाहीं आणि वेळही वांचवून शत्रूच्या हातीं देते. ज्या संघाची सारी घडण फेंकीसाठीं, त्याला हें काम नेमकें अवघड. बफेलोनें तिसऱ्या भागांत २८ गुण केले, पुढें आघाडीही घेतली; ह्यूस्टननें शेवटच्या क्षणीं बरोबरी साधली; आणि जादा वेळांत मूनची एक फेंक झेलली गेली. बफेलोनें ४१-३८ असा विजय मिळविला. सगळा दोष चढाईच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. त्या दिवशीं ह्यूस्टनचा बचावही पार ढांसळला होता. परंतु ३२ गुणांची आघाडी घेऊन बसलेल्या संघाला घराचें दार लावून घेतां येऊं नये, ही उणीव त्या रचनेच्या हाडामांसांतच होती. ती रचना मुख्य धरणारा कोणताही संघ पुढेंही सुपर बोलपर्यंत पोंचला नाहीं.

या दोन पराभवांपेक्षां अधिक शिकण्यासारखी कथा आहे ती जॉन एल्वे याची; कारण तींत मनुष्य तोच राहिला आणि भोंवतालची मांडणी बदलली. डेन्व्हरच्या ब्रॉन्कोस संघाचा हा क्वार्टरबॅक. त्याच्या दंडांतील शक्तीविषयीं दंतकथा प्रचलित होत्या. त्या एका दंडाच्या बळावर संघ तीनदां अंतिम सामन्यांत पोंचला आणि तीनदां धुळीस मिळाला: जानेवारी १९८७ मध्यें न्यूयॉर्कच्या जायंट्सकडून ३९-२०, १९८८ मध्यें वॉशिंग्टनकडून ४२-१०, १९९० मध्यें फॉर्टीनाइनर्सकडून ५५-१०. पहिल्या सामन्यांत एल्वेनें फेंकीनें ३०४ यार्ड मिळविले. आणि त्याच सामन्यांत त्याच्या संघांतला सर्वांत यशस्वी दौडपटू कोण, तर २७ यार्ड पळालेला स्वतः एल्वेच! दुसऱ्या सामन्यांत वॉशिंग्टनच्या टिमी स्मिथनें एकट्यानें २०४ यार्ड दौड केली. सुपर बोलमधील तो उच्चांक अजून कोणीं मोडलेला नाहीं. एल्वेला लोक थोर म्हणत, आणि थोर म्हणतांना किंचित् कींवही करीत.

१९९५ सालीं माइक शॅनहन हा प्रशिक्षक आला. त्याच वर्षीं खेळाडूंच्या निवडींत सहाव्या फेरीपर्यंत कोणीं न घेतलेला टेरेल डेव्हिस नांवाचा एक दौडपटू डेन्व्हरला मिळाला. संघाची बांधणी दौडीभोंवतीं होऊं लागली. एल्वे सदतीस वर्षांचा झाला, तेव्हां म्हणजे २५ जानेवारी १९९८ रोजीं, सान डिएगो येथें त्याला चौथी संधि मिळाली. समोर आदल्या वर्षींचा विजेता ग्रीन बे. डेन्व्हर जिंकेल असें फारच थोडे म्हणत होते.

त्या सामन्यांतला एक प्रसंग या सगळ्या विषयाचें मर्म सांगतो. पहिल्याच भागांत डेव्हिसला अर्धशिशीनें गांठलें. डोळ्यांपुढें अंधारी आली, नीट दिसेना. दुसऱ्या भागाच्या आरंभीं डेन्व्हर शेवटच्या रेषेपासून अवघ्या एका यार्डावर होता. डेव्हिसनें आपल्याला दिसत नसल्याचें सांगितलें. शॅनहननें त्याला तरीही मैदानांत पाठविलें. त्याला चेंडू द्यावयाचाच नव्हता. परंतु तो जागेवर उभा नसेल तर डेन्व्हर धांवणार यावर ग्रीन बेचा विश्वास बसणार नव्हता. खेळ सुरू झाला. एल्वेनें चेंडू डेव्हिसला दिल्याचें सोंग केलें, आंधळा डेव्हिस गर्दींत घुसला, सारा ग्रीन बे त्याच्यावर तुटून पडला, आणि एल्वे चेंडू घेऊन दुसऱ्या बाजूनें रेषेपलीकडे गेला. ज्याला धड दिसत नव्हतें, अशा गड्याच्या नुसत्या उपस्थितीनें एक टचडाऊन मिळाला.

मध्यंतरानंतर डेव्हिस सावरला आणि त्यानें एकूण ३० दौडींत १५७ यार्ड व तीन टचडाऊन केले. डेन्व्हरनें ३१-२४ असा सामना जिंकला. एल्वेच्या नांवावर त्या दिवशीं फेंकीचे यार्ड किती? फक्त १२३. आयुष्यांत ज्या दिवशीं तो सर्वांत कमी झळकला, जवळजवळ त्याच दिवशीं तो अजिंक्य ठरला. पुढल्या हंगामांत डेव्हिसनें २,००८ यार्ड दौड केली. ३१ जानेवारी १९९९ च्या अंतिम सामन्यांत अटलांटानें डेव्हिसला रोखण्याकडे लक्ष पुरविलें, तेव्हां अडतीस वर्षांच्या एल्वेनें मोकळ्या सांपडलेल्या आकाशांतून ३३६ यार्ड मिळवून ३४-१९ असा दुसरा चषक घेतला आणि खेळाचा निरोप घेतला.

लोक याचें एक सोपें कारण सांगतात तें थंडीचें. जानेवारींत बर्फ पडतें, वारा सुटतो, बोटें गारठतात, फेंक चुकते. म्हणून धांवणारे जिंकतात. ३१ डिसेंबर १९६७ रोजीं ग्रीन बे येथें शून्याखालीं २५ अंश सेल्सिअस इतक्या थंडींत डॅलसविरुद्धचा सामना झाला आणि शेवटचा निर्णायक टचडाऊन क्वार्टरबॅक बार्ट स्टार यानें स्वतः गर्दींत घुसून केला, हें खरें. परंतु अंतिम सामना बहुतेक वेळां उबदार गांवीं किंवा छपराखालीं होतो, आणि पराभवांची वर दिलेली बरीच यादी अशाच हवेंतली आहे. थंडी हें कारण असेल तर तें दुय्यम.

याहून मोठा आक्षेप निराळा आहे आणि तो प्रामाणिकपणें ऐकून घेतला पाहिजे. जिंकलेल्या संघांच्या दौडी अधिक भरतात, हें बरोबर. पण पुढें असलेला संघ घड्याळ पळविण्यासाठीं शेवटीं शेवटीं धांवतोच. दौडीमुळें आघाडी मिळाली कीं आघाडीमुळें दौडी वाढल्या? कोंबडा आरवतो म्हणून सूर्य उगवत नाहीं. पुष्कळ समालोचकांनीं या बाबतींत कोंबड्याला फारच मान दिला आहे. शिवाय उलट उदाहरणेंही आहेत. ३० जानेवारी २००० रोजीं सेंट लुइसच्या रॅम्सनीं वॉर्नरच्या ४१४ यार्डांच्या फेंकीवर टेनेसीला २३-१६ असें हरविलें. त्या दिवशीं त्यांच्या मार्शल फॉकला दौडीचे १७ यार्डच मिळाले होते. अर्थात् फॉक हा इतका धोक्याचा गडी होता कीं त्याच्यावरची नजर कोणाला काढतां येत नव्हती, आणि त्यानें ९० यार्ड चेंडू झेलून मिळविले, हेंही त्याच सामन्याचें टिपण सांगतें.

कोंबडा आणि सूर्य यांचा हा घोळ सुटण्यास ५ फेब्रुवारी २०१७ चा ह्यूस्टन येथील अंतिम सामना उपयोगी पडतो. कारण तेथें आघाडी होती, दौड यशस्वीही होत होती, आणि तरी ती सोडून दिली गेली. अटलांटाचा फाल्कन्स संघ न्यू इंग्लंडविरुद्ध २८-३ असा पुढें होता. त्या सामन्यांत अटलांटाच्या १८ दौडींत १०४ यार्ड झाले; म्हणजे एकेका दौडीला पांच यार्डांहून अधिक. शेवटच्या भागांत २८-१२ असे गुण असतां, केवळ एक यार्ड पाहिजे असलेल्या तिसऱ्या प्रयत्नाला त्यांनीं फेंकण्याचा घाट घातला. मॅट रायन फेंकण्यापूर्वींच पकडला गेला, चेंडू निसटला आणि शत्रूच्या हातीं लागला. पुढें २८-२० असतां अटलांटा प्रतिपक्षाच्या २२ यार्डांच्या रेषेवर जाऊन पोंचला. साडेचार मिनिटांच्या आंतबाहेर वेळ उरला होता. तीन दौडी, मग लाथेचे तीन गुण, आणि अकरा गुणांची आघाडी: सामना जवळजवळ तेथेंच संपला असता. एक दौड एक यार्ड मागें गेली, एवढ्यानें धीर सुटला. फेंकावयास मागें हटलेला रायन बारा यार्ड मागें पाडला गेला. पुढच्या फेंकीवर सोबत्याच्या आगळिकीबद्दल आणखी दहा यार्ड गेले. लाथेचा पल्ला हातचा सुटला. न्यू इंग्लंडनें बरोबरी केली आणि जादा वेळांत ३४-२८ असा विजय मिळविला. याच सामन्यांत विजयी ब्रेडीला ६२ वेळां फेंकावें लागलें, हें विसरतां कामा नये. पंचवीस गुणांनीं मागें पडलेल्यानें फेंकूं नये तर काय करावें? गमावलेलें परत आणण्याचें साधन फेंक. मिळविलेलें राखण्याचें साधन दौड. अटलांटापाशीं दोन्ही होतीं. त्यांनीं एक मैदानाबाहेर ठेवलें.

अलीकडचीं वर्षें पाहतां फेंकीचें महत्त्व कमी झालें असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु ९ फेब्रुवारी २०२५ रोजीं न्यू ऑर्लीन्स येथें फिलाडेल्फियाच्या ईगल्सनीं कॅन्सस सिटीच्या चीफ्सना ४०-२२ असें नमविलें, त्यांतही जुनाच धडा होता. ईगल्सच्या सेक्वॉन बार्कलीनें त्या हंगामांत २,००५ यार्ड दौड केली होती. चीफ्सनीं त्याला डांबून ठेवण्याचा निश्चय केला आणि तो तडीसही नेला. त्याला ५७ यार्डच मिळाले. पण सर्व डोळे बार्कलीवर खिळल्यामुळें क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सला २२ फेंकींपैकीं १७ सुखानें पोंचवितां आल्या. दुसरीकडे चीफ्सच्या पॅट्रिक माहोम्सला, ज्याच्या मागें दौडीचा आधार नव्हता, सहा वेळां जमीन पाहावी लागली.

आणि हाच माहोम्स त्या छपन्न वर्षांच्या यादीला अपवाद ठरला होता, हें येथें सांगितलें पाहिजे. २०२२ च्या हंगामांत त्यानें ५,२५० यार्ड फेंकले, कोणाहीपेक्षां अधिक. आणि १२ फेब्रुवारी २०२३ रोजीं अ‍ॅरिझोनांतील ग्लेंडेल येथें याच ईगल्सविरुद्ध त्यानें चषकही जिंकला. मात्र त्या एका सामन्याचे आंकडे पाहिले म्हणजे अपवादाचा रंग बदलतो. घोटा दुखावलेला माहोम्स त्या दिवशीं २७ वेळां फेंकला आणि त्याचे यार्ड भरले अवघे १८२. चीफ्सच्या दौडी झाल्या २६, त्यांचे यार्ड १५८. सबंध वर्ष आकाशांत वावरणारा संघ शेवटच्या दिवशीं जमिनीवर उतरला होता.

त्या सामन्याचा शेवट तर पाहण्यासारखा होता. गुण ३५-३५. दोन मिनिटांहून कमी वेळ. चीफ्सचा दौडपटू जेरिक मॅकिनन चेंडू घेऊन सुटला. समोर शेवटची रेषा, अडविणारें कोणी नाहीं, अंतिम सामन्यांतला विजयी टचडाऊन हाताच्या अंतरावर. रेषेपासून दोन यार्डांवर तो आपण होऊन खालीं बसला. टचडाऊन केला असता तर ईगल्सना चेंडू आणि दीड मिनिट मिळालें असतें. तो मैदानांत पडल्यानें घड्याळ चालत राहिलें. माहोम्सनें दोनदां नुसता गुडघा टेकून आणखी वेळ घालविला, आणि अवघे आठ सेकंद उरले असतां हॅरिसन बटकरनें २७ यार्डांवरून लाथेचे तीन गुण मिळविले.